योगवर्गाचे शुल्क आणि शिक्षकांचे मानधन: हिशेब कुठून सुरू करावा

नवा योगवर्ग सुरू करताना बहुतेक जण शेजारच्या वर्गात किती घेतात याची चौकशी करतात, त्यातून शंभर-दोनशे रुपये कमी करून आपले शुल्क ठरवतात आणि हॉलचे भाडे, वीजबिल भागवून जे उरेल त्यातून शिक्षकाला काय देता येईल ते पाहतात. हा क्रमच उलटा आहे. शिक्षकाचे मानधन हा वर्गाचा पहिला खर्च आहे. तो आधी ठरवावा, त्यावर बाकीचे खर्च चढवावेत, वर्षभरात सरासरी किती साधक शुल्क भरतील याचा सावध अंदाज घ्यावा आणि मगच शुल्काचा आकडा काढावा. पुढील विवेचन पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांच्या उपनगरांत भाड्याच्या हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या सभागृहात चालणाऱ्या लहान वर्गांसाठी आहे, जेथे वर्गचालक स्वतः शिकवतात आणि सोबत दोन-तीन शिक्षक असतात. उदाहरणातले आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत; आपल्या भागातले आकडे घालून हिशेब पुन्हा करावा.

ही विद्या आहे, तिचे पैसे कसे मागायचे, हा संकोच महाराष्ट्रात फार जुना आहे आणि त्याला कारणही आहे. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ मध्ये आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ मध्ये स्थापन झाले. अशा संस्थांनी आणि गावोगावच्या निरपेक्ष वृत्तीच्या शिक्षकांनी योग घरोघरी पोहोचवला. परंतु या संस्था सार्वजनिक न्यास आहेत, त्यांच्याकडे स्वतःचे परिसर आहेत आणि देणगीदारांची परंपरा आहे. दरमहा भाडे भरणाऱ्या वर्गाने त्यांच्या शुल्काशी स्वतःची तुलना करू नये, तसेच बागेत सकाळी स्वयंसेवक घेतात त्या मोफत वर्गाशीही करू नये. मोफत वर्ग कोणाच्या तरी निवृत्तिवेतनावर किंवा घरच्या कमाईवर उभा असतो, म्हणजे त्याचाही खर्च कोणीतरी उचलतच असते.

शिक्षकाचा एक तास

साठ मिनिटांच्या वर्गासाठी शिक्षकाचा वेळ साठ मिनिटे जात नाही. येण्याजाण्याला मिळून ४० मिनिटे, हॉल उघडून सतरंज्या घालायला आणि साधकांच्या तक्रारी ऐकायला आधीची १५ मिनिटे, शवासनानंतर थांबून प्रश्न विचारणाऱ्यांसाठी आणखी १५ मिनिटे आणि घरी पाठाची आखणी करायला २० मिनिटे धरली, तर एका वर्गाला अडीच तास लागतात. त्या वर्गाचे ६०० रुपये मिळत असतील तर तासाला २४० रुपये पडतात, आणि त्यातून पेट्रोल वजा व्हायचे असते. हेच दोन वर्ग लागोपाठ ठेवले तर आखणीला थोडा जास्त वेळ धरूनही एकूण पावणेचार तासांच्या आत १,२०० रुपये मिळतात, म्हणजे तासाला सव्वातीनशेच्या आसपास. त्यामुळे वेळापत्रक आखताना एकाच शिक्षकाला सकाळी ६ चा आणि संध्याकाळी ७ चा असे दोन तुटक वर्ग देण्याऐवजी सलग दोन वर्ग देणे ही एक पैही न वाढवता केलेली मानधनवाढच असते.

आता ६०० रुपये हा आकडा कुठून आला ते पाहू. समजा, पूर्णवेळ शिकवणाऱ्या शिक्षकाला महिन्याला ३०,००० रुपये घरी न्यायचे आहेत. वर्षाचे ३,६०,००० झाले. प्रवासाचे १८,०००, स्वतःच्या शिबिरांचे आणि पुढील शिक्षणाचे १५,००० आणि आरोग्य विम्याचे १२,००० धरले की ४,०५,००० होतात. दिवसाला तीन वर्ग, आठवड्याला पाच दिवस आणि वर्षाचे ४६ आठवडे धरले तर ६९० वर्ग होतात, आणि भागाकार ५८७ येतो. दिवसाला पाच-सहा वर्ग घेणारे शिक्षक आहेत, परंतु सूचना देऊन घसा बसतो, प्रात्यक्षिके दाखवून खांदा आणि कंबर धरते आणि संध्याकाळच्या वर्गाला सकाळचा उत्साह राहत नाही. म्हणून हिशेब तीनवरच करावा. ५२ ऐवजी ४६ आठवडे धरण्याचे कारणही साधे आहे. शिक्षक आजारी पडतो, त्याच्या घरी लग्नकार्य असते आणि गणपतीत त्याला गावी जायचे असते. पगारी नोकरीत हे दिवस मालक सोसतो, येथे ते वर्गाच्या दरात आधीच धरावे लागतात.

वर्गचालक स्वतः शिकवत असतील तर त्यांनी आपल्या वर्गांचे मानधनही याच दराने खर्चात लिहावे. ते लिहिले नाही की पहिली दोन वर्षे वर्ग फायद्यात दिसतो, आणि ज्या दिवशी वाढत्या गर्दीमुळे दुसरा शिक्षक नेमायची वेळ येते त्या दिवशी लक्षात येते की शुल्कात त्याच्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. फोन, संदेश, हिशेब आणि चौकशीला येणाऱ्यांशी बोलणे या कामाचा मोबदलाही वेगळा धरावा.

वर्गाचा खर्च आणि भरणारी माणसे

समजा, रोज तीन वेळा एक-एक तासासाठी हॉल घेतला आहे. भाडे १५,०००, वीज आणि साफसफाई ३,०००, मॅट, लोड, पट्टे, विटा यांची झीज १,०००, फोन आणि हिशेबनीस २,०००, व्यवस्थापनाचा मोबदला ८,००० असे महिन्याचे २९,००० रुपये झाले. सोमवार ते शुक्रवार तीन वर्ग म्हणजे महिन्याला सुमारे ६६ वर्ग. प्रत्येक वर्गावर ४४० रुपये पडले. त्यात मानधनाचे ६०० मिळवून १,०४० आणि अडीअडचणीसाठी दहा टक्के राखीव धरून एका वर्गाचा खर्च १,१४४ रुपये येतो. राखीव निधीला कात्री लावू नये. एका पावसाळ्यात हॉलचे छत गळाले किंवा मालकाने अनामत वाढवून मागितली की तो निधी किती तोकडा आहे ते कळते.

हा खर्च कितींनी भागायचा, हाच खरा कळीचा प्रश्न आहे. हॉलमध्ये २० मॅट मावतात म्हणून २० ने भागणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. जानेवारीत संकल्प करून आलेल्यांनी वर्ग भरतो, २१ जूनच्या योग दिनानंतर पुन्हा चार जण वाढतात. परंतु मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, मे महिन्यात गाव, जुलैत धो धो पाऊस, मग गणपती, नवरात्र आणि दिवाळी असे वर्ष जाते. बारा महिन्यांच्या वहीतून प्रत्येक महिन्याला प्रत्यक्ष शुल्क भरलेल्या साधकांची संख्या काढावी आणि तिची सरासरी घ्यावी. रोजच्या हजेरीचा आकडा येथे घेऊ नये, कारण मासिक शुल्क भरणारा न येताही पैसे देऊन गेलेला असतो. नवा वर्ग असेल आणि वही नसेल तर जागेच्या साठ टक्के धरावेत. येथे सरासरी १२ धरू. महिन्याचे २२ वर्ग गुणिले १,१४४ म्हणजे सुमारे २५,२००, आणि त्याला बाराने भागले की दरडोई २,१०० रुपये शुल्क येते.

आकडा परवडेनासा आला तर

आजूबाजूला १,२०० ते १,५०० रुपये घेतले जात असताना २,१०० सांगायला धीर होत नाही, आणि नेमक्या याच क्षणी मानधनाला हात लावला जातो. त्याआधी वर्गाची रचना बदलून पाहावी. आठवड्याचे पाच दिवस येणारे साधक मुळात थोडे असतात. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी एक तुकडी आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी दुसरी तुकडी त्याच वेळेला बसवावी. शनिवारच्या वाढीव भाड्याचे ३,००० धरून महिन्याचा खर्च ३२,००० होतो, वर्ग ७८ होतात आणि एका वर्गाचा खर्च १,१११ रुपयांवर येतो. प्रत्येक तुकडीला महिन्याला सरासरी १३ वर्ग मिळतात. १३ गुणिले १,१११ भागिले १२ केले की शुल्क सुमारे १,२०० रुपये येते. शिक्षकाचे ६०० जसेच्या तसे राहिले. ज्यांना रोज यायचे आहे त्यांना दोन्ही तुकड्या २,१०० मध्ये द्याव्यात, म्हणजे त्यांनाही थोडा लाभ होतो.

हे जमत नसेल तर हॉल बदलावा. शाळांचे वर्ग आणि सांस्कृतिक मंडळांची सभागृहे सकाळी रिकामी असतात. सोसायटीचे सभागृह फुकट मिळाले तर उत्तम, मात्र त्या बदल्यात सोसायटी सर्व सभासदांना निम्मे शुल्क मागत असेल तर तेच भाडे समजून खर्चात लिहावे आणि मग ते स्वस्त पडते का ते पाहावे. हे सर्व करूनही १,२०० जमत नसेल, तर त्या जागी त्या वेळेला वर्ग चालण्यासारखी परिस्थिती नाही, हे मान्य करावे.

एकेका वर्गाला येणाऱ्यांचा दर मासिक शुल्काच्या सरासरीपेक्षा बराच जास्त असावा. येथे मासिक साधकाला एक वर्ग ९२ रुपयांना पडतो, म्हणून सुटा दर १५० ते १८० ठेवायला हरकत नाही. फिरतीची नोकरी करणाऱ्यांसाठी १,२०० रुपयांत दहा वर्गांचे, दोन महिने चालणारे कार्ड द्यावे. तिमाही शुल्क ३,६०० ऐवजी ३,४०० ठेवावे. याहून मोठी सूट देऊन आपणच आपला हिशेब बिघडवू नये. पहिला वर्ग मोफत द्यावा, पण त्या वर्गाचे शिक्षकाचे मानधन मोफत नसते, हे लक्षात ठेवावे.

सवलत कोणाला आणि कोणाच्या खिशातून

प्रत्येक वर्गात काही जण असे असतात ज्यांना पूर्ण शुल्क झेपत नाही, आणि त्यांना परत पाठवणे कोणालाच आवडत नाही. मात्र विनंती करणाऱ्याला तोंड पाहून सूट देण्याची पद्धत वाईट आहे; तीत बोलक्या माणसाला सूट मिळते आणि भिडस्त माणूस गुपचूप वर्ग सोडतो. त्याऐवजी तीन दर उघडपणे लिहून ठेवावेत: सवलतीचा ७००, नेहमीचा १,२०० आणि आधार दर १,७००. बारा जणांत दोघांनी पहिला, आठांनी दुसरा आणि दोघांनी तिसरा निवडला तर बेरीज १४,४०० येते, म्हणजे सर्वांनी १,२०० भरल्याइतकीच. कोणाकडेही उत्पन्नाचा दाखला मागू नये. फक्त सवलतीच्या जागा किती ते आधी ठरवावे, आणि आधार दर भरणारे वाढले की त्या जागा वाढवाव्यात.

ज्येष्ठ नागरिकांना सरसकट सूट देण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे, पण ती पुन्हा तपासावी. पुण्याच्या उपनगरात स्वतःचे घर आणि निवृत्तिवेतन असलेल्या गृहस्थांपेक्षा, भाड्याच्या खोलीत राहून पहिली नोकरी करणारी मुलगी अधिक अडचणीत असू शकते. शिवाय ज्येष्ठांच्या वर्गाला खुर्च्या, भिंतीचा आधार आणि जास्त लक्ष लागते, म्हणजे तो वर्ग चालवायला महागच पडतो.

मानधनाची पद्धत

शिक्षकाला देण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत: प्रतिवर्ग ठरावीक रक्कम, जमलेल्या शुल्कात टक्केवारी आणि मासिक पगार. टक्केवारी वर्गचालकांना सर्वांत सोयीची वाटते, कारण वर्ग रिकामा राहिला तरी त्यांचे फारसे जात नाही. परंतु जुलैच्या पावसात पहाटे साडेपाचला घरून निघालेल्या शिक्षकासमोर तिघेच बसले आणि निम्म्या वाट्याने त्याच्या हाती दीडशे रुपयेही पडले नाहीत, तर त्याने कोणाची जोखीम उचलली? जाहिरात करणे, वेळ ठरवणे, जागा निवडणे हे सर्व वर्गचालकांच्या हातात असते. फायदाही त्यांचाच असतो. म्हणून रिकाम्या वर्गाचा तोटाही त्यांनीच सोसावा. शिक्षकाने स्वतःची माणसे आणली असतील आणि केवळ हॉल वापरत असेल तरच टक्केवारी न्याय्य ठरते, आणि मग त्याला ७० टक्क्यांपर्यंत वाटा द्यायला हरकत नसावी.

म्हणून पाया ठरावीक असावा आणि त्यावर वाढ जोडावी. उदाहरणार्थ, १२ साधकांपर्यंत ६०० रुपये आणि त्यापुढील प्रत्येक हजर साधकामागे ३० रुपये. अठरा जण आले तर शिक्षकाला ७८० मिळतात. त्या वाढीव सहा जणांकडून वर्गाला साडेपाचशेच्या आसपास आलेले असतात, त्यांतले १८० शिक्षकाकडे जाणे रास्त आहे, कारण एवढ्या लोकांच्या पाठीकडे आणि गुडघ्यांकडे त्यालाच लक्ष द्यावे लागते. आठवड्याला पंधरा किंवा त्याहून अधिक वर्ग एकच शिक्षक घेत असेल आणि आपल्या सांगण्यावरून वेळा पाळत असेल, तर त्याला सुट्यांसह मासिक पगारावर नेमावे. तेव्हा व्यवसाय कराची कपातही करावी लागते. महाराष्ट्रात स्त्रियांना महिन्याला २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही.

दरातील फरक कशावरून करावा, याबद्दल वाद होतात. आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची श्रेणीवार प्रमाणपत्रे आता बऱ्याच शिक्षकांकडे असतात, तर अनेकांकडे २०० तासांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र असते. प्रवेशासाठी ते पाहावे, पण दर केवळ त्यावर बांधू नये. मणक्याचा विकार, उच्च रक्तदाब किंवा गर्भारपण असलेल्या साधकाला सुरक्षितपणे सांभाळता येणे ही वेगळी पात्रता आहे आणि तिचा दर वेगळा असावा. उपचारात्मक वर्गात साधक कमी आणि शुल्क जास्त असते, त्यामुळे तेथे शिक्षकाला ९०० ते १,००० देणे हिशेबात बसते. अशा वर्गात मदतनीस असतील तर त्यांनाही पहिल्या काही महिन्यांच्या शिकाऊ काळानंतर मानधन द्यावे. सेवा म्हणून वर्षानुवर्षे दोर बांधायला आणि लोड उचलायला लावणे, आणि त्याच वर्गाचे पूर्ण शुल्क मात्र घेणे, यात सेवा एकाच बाजूने होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. योग शिकवणाऱ्यांत घर सांभाळून हे काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी आहे, आणि यांना काय, घर थोडेच चालवायचे आहे, या समजुतीने त्यांना कमी दर सांगितला जातो. काम तेच, साधक तेच, शुल्कही तेच असताना मानधन नवऱ्याच्या पगारावरून ठरवणे हा शुद्ध अन्याय आहे. दरपत्रक सर्व शिक्षकांना दिसेल असे ठेवले की असल्या गोष्टींना आपोआप आळा बसतो.

ठरलेले सर्व एका पानाच्या पत्रात लिहून द्यावे. मानधन महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जमा होईल. वर्गचालकांनी आदल्या संध्याकाळनंतर वर्ग रद्द केला तर पूर्ण मानधन मिळेल. एकही साधक आला नाही तरी शिक्षक हजर असल्यास मानधन मिळेल. शिक्षकाने बदली शिक्षक दिला तर बदलीला वर्ग परस्पर पैसे देईल. शिबिराचे उत्पन्न खर्च वजा जाता ६० टक्के शिक्षक आणि ४० टक्के वर्ग असे वाटले जाईल. नोकरीपूर्वी चाचणीचा वर्ग घ्यायला लावला आणि समोर शुल्क भरणारे साधक होते, तर त्याचेही पैसे द्यावेत. वर्ग सोडल्यावर शिक्षकाने अमुक किलोमीटरच्या आत शिकवू नये अशा अटी मात्र घालू नयेत; भारतीय करार कायद्यात अशा अटी सहसा टिकत नाहीत आणि मने मात्र दुखावतात.

बाहेरचे आणि दूरचे वर्ग

कंपनीत जाऊन घ्यायच्या वर्गाचा दर हॉलमधल्या दरावरून ठरवू नये. तेथे सुरक्षा फाटकावर वेळ जातो, वर्ग ऐन वेळी पुढे ढकलला जातो आणि बिलाचे पैसे महिना-दीड महिन्याने येतात. शिक्षकाला मात्र ५ तारखेलाच द्यायचे असतात. तेवढे भांडवल हाताशी असेल तरच ते काम घ्यावे. योग दिनाच्या दिवशी सोसायट्या आणि कार्यालये मोफत सत्र मागतात. वर्षातून एक सत्र वर्गाने भेट म्हणून द्यावे, परंतु शिक्षकाला त्याचे मानधन द्यावेच.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी येथून ऑनलाइन वर्ग घेणारे शिक्षक आता पुष्कळ आहेत. भारतातील पहाटे ६ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात. तेथील घड्याळ वर्षातून दोनदा बदलते, त्यामुळे येथील शिक्षकाची वेळही एका तासाने सरकते आणि तीच पुढच्या स्थानिक वर्गावर आदळू शकते. या वर्गाला हॉल लागत नाही, म्हणून शुल्क कमी असावे असे काही जण म्हणतात. उलट पडद्यावर आठ-दहांहून अधिक साधकांच्या चुका दिसत नाहीत, तेव्हा संख्या मर्यादित ठेवावी आणि वाचलेल्या भाड्यातला मोठा वाटा शिक्षकाकडे वळवावा.

आगाऊ पैसे, कर आणि दरवाढ

वार्षिक शुल्क एकदम घेतले की खात्यात मोठी रक्कम दिसते आणि ती आपलीच वाटू लागते. ती वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दरमहा बारावा हिस्साच खर्चासाठी काढावा, म्हणजे वर्ग मध्येच बंद करावा लागला तरी साधकांचे पैसे परत देता येतात. परताव्याचा नियमही पावतीवरच छापावा.

वस्तू व सेवा कराची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की करावी लागते. वरच्या उदाहरणात सहा तुकड्यांचे मिळून वर्षाला साडेदहा लाखांच्या आत येतात, म्हणजे हा वर्ग त्या मर्यादेत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून योग केंद्रांच्या सेवेवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, मात्र त्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थांनी दिलेल्या योगशिक्षणाला करातून सूट आहे. मर्यादा ओलांडण्याची चिन्हे दिसू लागताच शुल्कपत्रकावर करासहित आकडा लिहायला सुरुवात करावी. शिक्षकांच्या मानधनातून करकपात करावी लागते का, हे आपल्या लेखापालांकडून वर्षारंभीच ठरवून घ्यावे.

दर दोन-तीन वर्षांनी एकदम मोठी वाढ करण्याऐवजी दरवर्षी थोडी वाढ करावी. भाडेकरारात हॉलमालक दरवर्षी वाढ लिहून घेतोच, तेव्हा मानधनानेच तेवढे मागे राहण्याचे कारण नाही. दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, नवे शुल्क जाहीर करावे आणि जानेवारीपासून लागू करावे; जाहीर करताना वाढीतले किती शिक्षकांकडे आणि किती भाड्याकडे जाणार हे दोन ओळींत सांगावे. ज्यांनी तिमाही किंवा वार्षिक शुल्क आधीच भरले आहे त्यांना मुदत संपेपर्यंत जुनाच दर ठेवावा, परंतु शिक्षकांचे वाढीव मानधन मात्र सर्व वर्गांसाठी १ जानेवारीपासून सुरू करावे आणि मधल्या काळातली तफावत राखीव निधीतून भरावी.